मागच्या बाकावरची चौकशी

आमच्या हर्सूलच्या घरी एखाद्या पोरीला स्थळ आलं की पहिली तयारी तात्यांची सुरू व्हायची. साडी, पोहे, बैठक हे सगळं नंतर. तात्यासाहेब म्हणजे माझे थोरले चुलते. माझे वडील मी लहान असताना वारले आणि तेव्हापासून तात्यांनीच मला वाढवलं. माझ्यावर त्यांचा जीव होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून कुणाला तसं वाटायचं नाही.

तात्या चौकशी करायचे. तो त्यांचा धंदा नव्हता, पण त्यात त्यांचं नाव झालेलं होतं. भावकीत, पाहुण्यांत कुणाचंही जमायला आलं की लोक म्हणायचे, "एकदा तात्यांना जाऊन येऊ द्या." मग तात्या टोपी घालून, हातात रिकामी पिशवी घेऊन मुलाच्या गावी जायचे आणि बैल बघायला आलोय म्हणून सांगायचे. न्हाव्याकडे दाढी, हॉटेलात चहा, मग पिठाच्या गिरणीपाशी उभं राहणं. संध्याकाळपर्यंत मुलगा पितो का, पत्ते कुटतो का, जमीन सांगितली किती आणि आहे किती, हे सगळं कळलेलं असायचं. त्यासाठी त्यांचा एक नियम होता. मुलीला बघायला पाहुणे येणार त्या दिवशी आपण घरात थांबायचं नाही, म्हणजे तोंडओळख होत नाही आणि पुढे कुठेही बिनधास्त जाता येतं.

संशय हा त्यांचा स्वभावच होता. निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झालं त्या वर्षी ते चौथीत होते. तेव्हा दारावर थाप पडली की आधी फटीतून बघायचं, आवाज ओळखायचा आणि मगच कडी काढायची, अशी घराला सवय लागली होती. दिवस बदलले, लोकांनी दारं उघडी टाकली, तात्यांच्या मनाची कडी मात्र लागलेलीच राहिली. शाळेचंही तसंच झालं. शिकत होते ती उर्दू सुटली, मराठी आली, आणि इंग्रजीपर्यंत पोचायच्या आत त्यांना शेतात जावं लागलं.

माझं स्थळ आलं ते शहाण्णव साली, शहरातलंच. मुलाचं नाव अंकुश. औरंगपुऱ्यात एका शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर तो इंग्लिश स्पीकिंगचा क्लास चालवायचा. बघायला तो, त्याचे मामा आणि एक मित्र एवढेच आले. त्याची आई विधवा होती. शुभकार्यात आपण पुढे कशाला, म्हणून ती घरीच राहिली. माझी आई सारजाबाई त्याच कारणानं स्वयंपाकघराच्या बाहेर आली नाही. तात्या नियमाप्रमाणे मळ्यात जाऊन बसले होते. बोलायला सरूकाकू, म्हणजे तात्यांची बायको, आणि माझे मामा.

अंकुशनं मला स्वयंपाक, शिवण, काही म्हणजे काही विचारलं नाही. "तुम्हालाच काही विचारायचं असेल तर विचारा," म्हणाला. मी चाचरत विचारलं, "इंग्रजी यायला किती दिवस लागतात?" सगळे हसले, तो नाही हसला.

"रोज तीन खरी वाक्यं बोलायची," तो म्हणाला. "काल काय झालं, आज काय चाललंय, उद्या काय करणार. तक्ते पाठ करायचे नाहीत. आपल्याच दिवसाचं बोललं की कोणतं क्रियापद कुठं बसतं ते हळूहळू अंगवळणी पडतं."

मला तो तिथंच आवडला. हे मी कुणाला बोलले नाही, पण रिकाम्या बशा आत आणून मी त्याच पुन्हा भरायला लागले, एवढं आईनं बघितलं. जाताना माझ्या मामांनी देण्याघेण्याचा विषय काढला तर अंकुशच म्हणाला, हुंडा नको.

संध्याकाळी तात्या मळ्यातून आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि तोंडाला लावलेला तांब्या खाली ठेवला.

"नको म्हनला?"

"व्हय. चांगलंय की," काकू म्हणाली.

"काय चांगलंय त्यात? जमीन नाय, नोकरी नाय, नुसत्या बोलन्यावर पोट भरतो आन वर हुंडा बी नको. कुठंतरी गोम हाय."

दुसऱ्या दिवसापासून गोम शोधणं सुरू झालं. तात्या आधी कन्नड तालुक्यात मुलाच्या मूळ गावी जाऊन आले. बाप वारल्यावर मायलेक शहरात गेले, माणसं चांगली, यापलीकडे कुणी काही सांगेना. मग तात्यांनी क्लासच्या खालचं दुकान गाठलं. शिंप्याचं नाव हबीब. तात्यांनी बंडीचं माप द्यायच्या निमित्तानं त्याला बोलतं केलं.

"सर? बहुत शरीफ आदमी है चाचा," हबीबभाई म्हणाले. "इतने बरस हुए, ऊपर से कभी ऊँची आवाज नहीं आई. भरोसा नहीं तो खुद जाके बैठो क्लास में."

तात्या घरी येऊन म्हणाले, "एवढं चांगलं कुनी कुनाबद्दल बोलतं का? दोघं मिळालेले हायेत." पण हबीबभाईंचं शेवटचं वाक्य त्यांच्या डोक्यात बसलं होतं. चार दिवसांनी माझे साठीला टेकलेले चुलते नाव बदलून इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागले.

तिथे घडलेलं मला नंतर तिघांकडून कळलं, तात्यांकडून, अंकुशकडून आणि तिसऱ्या एका माणसाकडून, ज्याचं सांगतेच. तात्यांनी तिथे स्वतःचं नाव सांगितलं कारभारी. गाव सोयगावकडचं. मंडळी घाटी दवाखान्यात दाखल आहे, डॉक्टर आपापसात इंग्रजीत बोलतात, आपल्याला काही कळत नाही, म्हणून शिकायचंय. सरूकाकू तेव्हा घरी धडधाकट होती, ज्वारीचं पोतं एकटी सरकवत होती.

क्लासमध्ये सगळी कॉलेजची आणि वाळूजच्या कंपन्यांतली पोरं. तात्यांच्या वयाचं एकच माणूस होतं, मागच्या बाकावर बसणारी एक बाई. डोक्यावर पदर, पायात रबरी चपला, पाटीवर लिहायची. तिचं नाव साळूबाई. तात्या तिच्याच बाकावर बसले.

सरांची पद्धत तीच, तीन खरी वाक्यं. एकेकानं उभं राहायचं. पोरं भराभर सांगायची, काल मॅच बघितली, आज भूक लागली आहे, उद्या गावी जाणार आहे. सर क्रियापद तेवढं दुरुस्त करायचे. तात्यांची पंचाईत झाली. खरं सांगायची सोय नव्हती. त्यांनी दवाखान्याचं सांगितलं. "यस्टर्डे आय गो हॉस्पिटल." सर म्हणाले, "वेन्ट. काल झालंय ना, म्हणून वेन्ट." आणि दुसऱ्या दिवशी तात्या उभे राहायच्या आत सरांनी विचारलं, "कारभारीकाका, ताप उतरला का त्यांचा? इंग्रजीत सांगा." तात्यांना घाम फुटला. हा प्रत्येकाचं कालचं लक्षात ठेवतो. कुणाच्या घरी काय, कोण आजारी, कोण गावाला जाणार, घर कधी रिकामं असणार, सगळी माहिती पोरं आपण होऊन देतात आणि वर फीसुद्धा भरतात. तात्यांना वाटलं, सापडली गोम. आपण जी चौकशी पिशवी घेऊन गावोगाव हिंडून करतो, ती हा एका जागी बसून करतोय.

संध्याकाळी घरी आले की ते मला ओसरीवर बोलावून घ्यायचे. "कौसा, माझा सराव घे." काकूला हे सगळं येडेपणा वाटायचा, पण मला त्या संध्याकाळी अजून आठवतात. तात्या सांगायचे ते त्यांचं इंग्रजी नव्हतं. अंकुश जे बोलला तेच ते माझ्यापर्यंत आणत होते. मी त्या माणसाला एकदाच बघितलं होतं, आणि त्याची वाक्यं मात्र रोज घरी येत होती. मी ती तात्यांपेक्षा लवकर शिकले.

इंग्रजीतले काही काळ तात्यांना फार पटले. "ही ड्रिंक्स म्हंजी पितो. रोजचाच हाय," ते मांडीवर थाप मारून म्हणायचे. "ही इज ड्रिंकिंग म्हंजी आत्ता पितोय. एखाद्या लग्नात कुनी पाजली आसंल. सोयरीक करताना ह्या दोन्हीत लई फरक हाय बग. इंग्रजाला चौकशी कळत व्हती." पण पुढच्या आठवड्यात 'हॅव' आलं आणि त्यांचा इंग्रजांवरचा विश्वास उडाला. सरांनी सांगितलं होतं की एखादी गोष्ट मागेच होऊन गेलेली असते, पण तिचा परिणाम आज हजर असतो, तेव्हा हे वापरायचं. "झालं म्हंजी झालं," तात्या म्हणाले. "झालं बी आन हाय बी, आसं कसं? ह्यांना काय लपवायचंय?"

मी त्यांना वाक्यं करून दाखवायचे आणि ते संशयानं बघत राहायचे.

चौकशीचं काम चालूच होतं. पोरांना विचारून तात्यांच्या हाती काही लागेना. मग ते साळूबाईंकडे वळले. त्यांचा अनुभव असा की खरी माहिती मागच्या बाजूला मिळते, धुणंभांडी करणाऱ्या बाईकडे, पाणी भरणाऱ्याकडे. पाटीवर लिहिणारी ही साधी बाई त्यांना सोपी वाटली. सर कुठं राहतात, संध्याकाळी कुणाकडे जातात, एखादी मुलगी क्लास सुटल्यावर मागे रेंगाळते का, असं ते हळूच विचारायचे. साळूबाई मोजकं बोलायची. "मला काय म्हाईत भाऊ. मी आपली शिकाया येते."

तिला सगळं माहीत होतं, कारण ती अंकुशची आई होती.

मायलेकांनी आपसांत ठरवलं होतं, क्लासच्या दारात चपला काढल्या की आई नाही आणि मुलगा नाही. ती त्याला सर म्हणायची, तो तिला साळूबाई म्हणायचा. नाहीतर पोरं हसतील आणि तिला शिकायचा संकोच वाटेल. जुन्या पोरांना हे माहीत होतं, हबीबभाईंनाही. तात्यांनी या सगळ्यांना सरांबद्दल खोदून खोदून विचारलं, पण शेजारी बसलेल्या बाईबद्दल एकदाही विचारलं नाही. आणि ती आपण होऊन सांगणार नव्हती. हा माणूस शिकतो कमी आणि विचारतो जास्त, हे तिनं पहिल्याच दिवशी हेरलं होतं. आपल्या लेकावर कुणीतरी पाळत ठेवायला पाठवलंय असं तिला वाटत होतं. एका बाकावर दोघं संशयी बसले होते आणि दोघांच्याही वहीपाटीवर वर्तमानकाळ चालू होता.

तिचं मन पालटलं ते दवाखान्यामुळे. एके दिवशी सर वर्गात म्हणाले, "काका, उद्या मी येतो घाटीत. डॉक्टरांशी मी बोलतो, तुम्हाला मराठीत समजावून सांगतो." तात्या हबकले. कसंबसं म्हणाले, "नको सर, भेटू देत नायत." दुसऱ्या दिवशी साळूबाईंनी बाकाखालून एक डबा पुढे केला. ज्वारीच्या भाकरी आणि पिठलं. "तुमच्या मंडळीला द्या. दवाखान्याचं जेवन गोड लागत नाय." तात्यांनी तो डबा घेतला आणि बसस्टँडच्या मागे बसून स्वतः खाल्ला. डबा धुऊन परत केला तेव्हा ते तिला म्हणाले, मंडळीनं तुमची आठवण काढली. तिचे डोळे भरून आले. मग तिचा सगळा संशय गेला. ज्याची बायको मरणाला टेकलीय तो माणूस खोटं कशाला बोलेल, असं तिला वाटलं.

तात्यांचंही मन भरलं होतं. त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "कौसा, पोरगा चोख हाय. तुजं नशीब उजळलं." मी आत जाऊन देव्हाऱ्यासमोर उगाच उभी राहिले. एवढ्यावर ते थांबले असते तर मी आज हे सांगत बसले नसते.

पण तात्यांची जुनी खोड होती, शेवटी एक खडा टाकून बघायची. मुलाकडच्यांच्या कानावर आपल्याच पोरीबद्दल काहीतरी वाकडं जाऊ द्यायचं. चांगली माणसं सरळ येऊन विचारतात, लोभी माणसं मागणी वाढवतात, आणि भित्री पळून जातात. या खड्यानं त्यांनी आधी एकदोन स्थळं मोडून पोरी वाचवल्या होत्या, त्यामुळे त्यावर त्यांचा फार भरवसा. क्लासच्या शेवटच्या दिवशी ते साळूबाईंना म्हणाले, "सरांचं हर्सूलला जमतंय आसं ऐकलं. चांगलंय. पन सरांना सांगा कुनीतरी, जरा जपून. त्या पोरीचं एकदा मोडलंय म्हनत्यात. का मोडलं ते कुनी बोलत नाय. एका मुलाबरोबर बघितलं व्हतं म्हनं तिला, वेरूळच्या जत्रेत."

ते घरी आले आणि वाट बघू लागले. कुणी विचारायला आलं नाही, कुणी मागणी वाढवली नाही, कुणी पळालं नाही. अंकुशचे मामा येऊन सुपारी फोडायचा दिवस ठरवून गेले. तात्या म्हणाले, "बातमी पोचलीच नाय वाटतं. म्हातारी लई साधी." ते विसरूनही गेले.

सुपारीच्या दिवशी अंकुशनं आईला सोडलं नाही. तू येणार नसशील तर मीही जात नाही, म्हणाला. आणि तात्यांना आता लपायचं कारण नव्हतं. नवा फेटा बांधून ते बैठकीत मधोमध बसले होते. जीपमधून पाहुणे उतरले, मामा, मित्र, अंकुश, आणि पदर सावरत साळूबाई.

मी खिडकीतून बघत होते. अंकुश तात्यांकडे बघून थबकला. "कारभारीकाका," तो म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. त्याला ती गंमत वाटली. सासरा होणाऱ्या माणसानं नाव बदलून क्लासला यावं, याचं त्याला कौतुकच वाटलं असावं. साळूबाई मात्र उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या. तेवढ्यात सरूकाकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि माझ्या मामांनी ओळख करून दिली, "ह्या तात्यांच्या मंडळी."

साळूबाईंनी काकूला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "कवा आनलं घरी?" त्यांनी शांतपणे विचारलं. "ताप उतरला का पुरा?"

काकूला काही कळेना. "मला? मला कशाचा ताप?"

तात्यांचा फेटा एकदम सैल झाल्यासारखा दिसला. ते उठले, साळूबाईंपाशी गेले आणि सगळ्यांसमोर सांगायला लागले. दवाखाना खोटा होता. नाव खोटं होतं. ती जत्रा, तो मुलगा, ते मोडलेलं लग्न, सगळं खोटं. पोरीचं आजवर कुठंच ठरलं नाही, तर मोडणार कसं. मी फकस्त खडा टाकून बघितला, माझे आई. अंकुशला यातलं अर्धं पहिल्यांदाच कळत होतं. त्याच्या आईनं ते पोटातच ठेवलं होतं.

"मी लेकाला सांगितलं नाय," साळूबाई म्हणाल्या. "म्हनलं, परका मानूस हाय, कुनाच्या पोरीवर जळत आसंल. आज पोरीचं तोंड बगीन आन इसरून जाईन, म्हनून आले. पन तुमी परके नाय. तुमी सख्खे चुलते. आपल्या भावाच्या पोरीबद्दल कुनी उगंच आसं बोलत आसतं का?"

"मी खोटं बोललो," तात्या म्हणाले.

"व्हय. पन कवा? तवा का आत्ता?"

तात्यांनी फेटा उतरवून साळूबाईंच्या पायाशी ठेवला. माझ्या आयुष्यात मी त्यांना उघड्या डोक्यानं बाहेरच्या माणसासमोर कधी बघितलं नव्हतं. साळूबाई म्हणाल्या, "उचला तो. पाव्हने बघत्यात." मी खिडकीचा गज धरून उभी होते आणि मला वाटत होतं की कुणीतरी आत यावं आणि मला विचारावं. एक साधा प्रश्न. कुणी आलं नाही. सगळी खात्री करून घ्यायची होती ती तात्यांकडून, आणि तात्यांच्या शब्दाला तर आता किंमत उरली नव्हती.

शेवटी अंकुश बोलला. "आई, मला हिच्याशीच लग्न करायचंय. मला काही विचारायचं नाही." तो चांगुलपणानं म्हणाला. साळूबाई म्हणाल्या, "तुजी मर्जी." सुपारी फुटली.

लग्न झालं. सासूबाई मला कधी वाकडा शब्द बोलल्या नाहीत. मी बाळंत होऊन आले तेव्हा त्यांनी माझे केस विंचरले, माझ्या आईच्या आजारपणात महिनाभर मला माहेरी ठेवलं. त्या आणि मी दोघी इंग्रजी शिकत राहिलो, आणि पाहुणे आले की स्वयंपाकघरात तीच आमची गुप्त भाषा झाली. दूध संपलंय, हे जेवायला थांबणार आहेत का, ह्या पाहुणीला पहिल्या नवऱ्यानं सोडलं होतं ना, सगळं आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचो आणि पदराआड हसायचो. बाहेरून बघणाऱ्याला आम्ही मायलेकीच वाटायचो.

पण मला बाजारातून यायला उशीर झाला की त्या गॅलरीत उभ्या असायच्या. एखादा फोन वाजून मी उचलायच्या आत बंद पडला की निवडत असलेल्या तांदळातला त्यांचा हात थांबायचा. वेरूळच्या जत्रेला सगळी गल्ली जायची, आमच्या घरातून कधी कुणी गेलं नाही आणि का जात नाही हे कधी कुणी बोललं नाही. अंकुशला हे दिसायचं नाही, तो म्हणायचा, तुला उगाच वाटतं. तात्या वारले तेव्हा त्या माझ्याबरोबर हर्सूलला आल्या आणि रडल्याही. मीही रडले. तरी त्या माणसावरचा माझा राग गेला नाही. ज्यानं मला एवढ्या मायेनं वाढवलं, त्यानंच माझ्या संसारात एक शंका आंदण म्हणून पाठवली होती.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला बघायला लोक आले. मुलगा पुण्यात इंजिनिअर, घराणं पैठणकडचं. बाहेरच्या खोलीत बोलणी चालली होती. मी आत पोहे वाढत होते. सासूबाई आता थकल्यात, त्या ओट्याशेजारी खुर्चीवर बसून बशांवर कोथिंबीर पेरत होत्या. मुलाची आत्या मदत करते म्हणून आत आली होती आणि डबे न्याहाळत उभी होती.

"वॉज इट ट्रू?" सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं पाहुण्यांबद्दल काहीतरी. "व्हॉट?"

"युवर तात्या. व्हॉट ही टोल्ड मी." त्यांनी मान वर केली नाही. कोथिंबीर पेरत राहिल्या.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आत्याबाईंनी विचारलं, "काय म्हणताहेत?" मी म्हणाले, "मीठ कमी पडलंय म्हणतात." मग मी सासूबाईंकडे वळले. "नो," मी म्हणाले. "नथिंग हॅपन्ड. नेव्हर."

आत्याबाई बशांचा ट्रे घेऊन बाहेर गेल्या. मी दार लोटलं.

"मग इतके दिस बोलली का नायस?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही विचारलं नाही."

"इचारलं आसतं तर मला खरं वाटलं नसतं."

"आणि आता?"

त्यांनी हाताला चिकटलेली कोथिंबीर वाटीत झटकली. "वाटलं व्हतं, गेलं मनातून. आज पोरीला बगाया लोक आले आन पुन्ना वर आलं." मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बरं झालं, इचारलं. आता गेलं. तू मनात ठिवू नगं."

बाहेरून हाक आली, मुलीला घेऊन या. त्यांनी माझा हात थोपटला आणि हसल्या. त्या हसण्यात काही खोट नव्हती, निदान मला दिसली नाही. नंतर तीन-चारदा माझ्या ओठांवर आलं होतं की विचारावं, खरंच गेलं का. पण मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. त्या "व्हय" म्हणाल्या तरी त्यावर माझा विश्वास बसायचा नाही.